आत्याचा मान

फोन मेघनाच्या घरी वाजला, मेघनानंच उचलला, आणि "नकोशी? इथं नकोशी नावाचं कुणी राहत नाही, राँग नंबर," असं म्हणून ठेवूनही दिला. त्या वेळी सुप्रिया मेघनाच्याच ओट्यापाशी उभी राहून सोऱ्यातून चकली पाडत होती. वेटोळं अर्ध्यात आलं होतं, ते तिथंच तुटलं. वास्तविक मेघनाचं काही चुकलं नव्हतं. बारामतीच्या त्या कॉलनीत नकोशी नावाचं कुणीच राहत नव्हतं. वरच्या मजल्यावर सुप्रिया राहत होती, एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअर सांभाळणाऱ्या शशिकांतची बायको; आणि तिलाही कॉलनीत सुप्रिया असं फारसं कुणी म्हणत नसे, ऋतुजाची आई म्हणत. तरी मानेमागं, केसांच्या मुळाशी कुणी गार बोट टेकवावं तसं तिला झालं. शरीर मोठं इमानी असतं, त्याला पत्ता बदललेला कळत नाही. माहेरी तिला सगळे नकू म्हणत. बेबी, चिंगी तसं हे नकू, लाडाचं, अशी सात वर्षांच्या ऋतुजाची समजूत होती, आणि ती समजूत सुप्रियानं लोणच्याच्या बरणीसारखी दादरा बांधून ठेवली होती. पण फोनवर माणसाचं पूर्ण नाव सांगायचं असतं, अशी तिच्या भावाची, रणजितची, समजूत. शहाण्णवच्या दिवाळीत या दोन समजुतींची गाठ मेघनाच्या हॉलमध्ये पडली.

फोन पुन्हा वाजला. या वेळी सुप्रिया पिठाच्या हातानं धावली. "हां, बोल."

"आक्का, तितं तुलाच वळखत न्हाईत व्हय?" रणजित इंदापुरातल्या बूथवरून ओरडत होता. बूथवरून बोलायचं म्हणजे इंदापूर ते बारामती अंतर गळ्यानंच काटायचं, असा त्याचा हिशोब. "तिसरी झाली. बारसं भाऊबीजेला धरलंय. आई म्हणती, नकूनंच यायचं. तिच्याच तोंडनं नाव ठिवायचं, अन् तिचंच ठिवायचं. लाभलंया न्हवं तुझं नाव."

"कुणाला लाभलं?"

"मला की," रणजित म्हणाला आणि मनापासून हसला. त्याच्या हसण्यात काडीचं कपट नव्हतं. तीच खरी अडचण होती.

तिनं फोन ठेवला, तर दारात ऋतुजा उभी. सुट्टी लागल्यापासून ती आणि मेघनाचा धम्मदीप गच्चीखाली किल्ला करत होते, कोपरापर्यंत चिखल. "आई, नकोशी कोण?"

"राँग नंबर होता."

"मग तू इतका वेळ राँग नंबरशी बोललीस?"

मेघनानं तुटकी चकली उचलून पिठाच्या गोळ्यात परत मिसळली. त्या घरी दिवाळी नसायची. पण चकलीशी त्यांचं वैर नव्हतं, आणि दोघींनी मिळून केली तर तेल कमी लागतं, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. बोलली ती मेघनाची सासू, रंगुबाई. कोपऱ्यात बसून लसूण सोलत ती सगळं ऐकत होती. "माझं नाव कचरी हुतं," ती लसणाला सांगितल्यासारखं म्हणाली. "सांगवीला हुतो तवा. छप्पन साली आमच्या मालकांनी दीक्षा घ्यायची ठरवली. घरातलं देव फडक्यात बांधलं, निघाले नदीत सोडायला. मी म्हनलं, थांबा, देव चाललंत तर माझं नाव बी त्यातच बांधा. कचरी गेली वाहून. येताना मालक रंगू घिऊन आले."

"आणि लोक लगेच रंगू म्हणायला लागले, आजी?"

"लोक?" रंगुबाईनं पाकळीला नख लावलं. "लोक कशाला म्हनतील, त्यांचं काय अडलंय. कचरी म्हनून हाक आली की मी बहिरी. भाकरी करपू दे, दारात पावना उभा ऱ्हाऊ दे, मी बहिरीच. सासू म्हनायची, सून ठार बहिरी झाली, हिला दवाखान्यात न्या. न्यायला निघालं, तितंच आवरलं त्यांचं. गाडीभाड्यापरीस रंगू सवस्त पडली."

सुप्रिया हसली खरी, पण रात्री भांडी लावताना तिच्या डोक्यात तेच नाव घोळत होतं. नकोशी या नावात दुष्टपणा नाही, हे तिला फार लवकर कळलं होतं. दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं. तो एक उपाय होता. मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की जसं वर कळवतात, बाबांनो, माल पुरे, आता पाठवू नका, तसं तिसऱ्या मुलीच्या नावानं देवाला कळवायचं. देव अक्षरशत्रू नसावा आणि त्यानं नाव एकदाच वाचावं, एवढीच अपेक्षा. तिच्या बाबतीत त्यानं वाचलं. थोरली झाली, मधली झाली, तिसरी ही, आणि दोन वर्षांनी रणजित. उपाय गुणकारी ठरला आणि घरात तिला एकदम किंमत आली. बाटलीला येते तशी. औषध लागू पडलं की बाटली फडताळात जपून ठेवतात. शाळेत तिच्या वर्गात आणखी दोन नकोश्या होत्या. मास्तर हजेरी घेताना मळ्यातली, वेशीतली आणि, बापाच्या नावानं ही, मानसिंगची अशा निवडायचे. त्यातल्या वेशीतलीच्या पाठीवर चौथी मुलगीच झाली, तर तिच्या आजीनं हिलाच बडवली, नाव नीट चाललं नाही म्हणून. ते आठवलं की सुप्रियाला अजून मधल्या सुट्टीतल्या गूळ-भाकरीचा वास यायचा, आणि वेशीतली नकोशी पाठ चोळत भाकरी खाताना दिसायची. आपलं नाव चाललं याचा आपल्याला तेव्हा अभिमान वाटला होता, हे तिनं शशिकांतलाही कधी सांगितलं नव्हतं. शशिकांतला तिचं ते नाव फक्त लग्नपत्रिकेपुरतं माहीत, आणि पत्रिकेतही ते 'चि. सौ. कां.' या पसाऱ्यात दबून गेलेलं. लग्नात ताटातल्या तांदळात त्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं. सुप्रिया. नणंदेनं निवडलं होतं. तिच्या कॉलेजात त्या नावाची एक गोरी मुलगी होती म्हणे. तांदळातलं ते नाव बघताना तिला वाटलं होतं, सुटले. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. सगळ्यांनी कढी घालून खाल्ला, तिनंही. म्हणजे एक नाव देवासाठी, एक नणंदेच्या मैत्रिणीवरून. तीस वर्षांच्या बाईकडं दोन नावं होती, आणि दोन्ही ठेवताना तिच्याकडं कुणी बघितलंही नव्हतं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी शशिकांत आपल्या बहिणीकडं गेला आणि ती ऋतुजाला घेऊन इंदापूरच्या एसटीत बसली. गाडीत सगळ्या माहेरवाशिणी, प्रत्येकीच्या मांडीवर फराळाचा डबा आणि डब्यावर एक पोर. दोन्ही बाजूंना ऊस इतका दाटला होता की गाडी रस्त्यानं नाही, भांगातून चालल्यासारखी वाटत होती. ऋतुजा खिडकीशी. किल्ला अर्धा सोडून आल्याचं दुःख तिला फक्त पिंपळीपर्यंत पुरलं. मग ती झोपली. आणि सुप्रियाच्या डोक्यात तो जुना पूर आला. ती आठ वर्षांची असेल. तेव्हा गाव खाली होतं, भीमेच्या अगदी काठाला. नदीनं एका दुपारी कुंभारवाड्यातली घरं नेली, भागूकाकीची म्हैस नेली, देवळाच्या पायरीवर येऊन बसली. आणि दुसऱ्या दिवशी काय, तर सगळ्या बाया नटूनथटून तिची ओटी भरायला. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. जिची म्हैस गेली ती भागूकाकी सगळ्यांत पुढं, हळदीचं बोट घेऊन. आई पाण्यात गुडघाभर उतरून हात जोडून म्हणत होती, बाई गं, माय गं, आलीस, बरं झालं. आठ वर्षांच्या नकोशीनं ते नीट बघून ठेवलं. गावात एकच बाईमाणूस असं होतं जिला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. घरं पाडून वर ओटी घेऊन जाते. त्या संध्याकाळी वाळूत बसून तिनं स्वतःचं नाव भिमा ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर कानात सांगायला कुणीतरी लागतं. पुढं खाली उजनीला धरण झालं, सरकारनं नदी अडवली, तर ती मागं वळली आणि मुक्कामालाच गावात आली. जुनं गाव पाण्यात गेलं, नवं माळावर वसलं, आणि आता पाणी घराच्या परसापासून हाकेवर होतं. अडवल्यावर गप्प बसायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी पोचल्यावर प्रयागबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या आणि नातीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आली माझी नकू. आता काळजी न्हाय." आईच्या हातांना नेहमीसारखा चुलीचा आणि शेपूचा वास होता. हे हात आपल्यावर माया करतात, यात सुप्रियाला कधी शंका नव्हती. म्हणूनच तर सगळं अवघड होतं. आतल्या खोलीत शेगडीवर ओवा धुमसत होता आणि कानाला फडकं बांधून वहिनी, रणजितची बायको अलका, भिंतीकडं तोंड करून पडली होती. कुशीत मुठी आवळलेलं पोर. पहिल्या दोघी शेजारी घुगऱ्यांचा गहू निवडायला बसवलेल्या.

"वहिनी, नावाचं तुझ्या मनात काय हाय?" बारामतीची भाषा उंबऱ्यापाशीच गळून पडायची, तिला ते नेहमी आवडायचं.

"मला कोन इचारतंय, वन्सं," अलका म्हणाली. "बाळातनीला शेपू इचारत्यात, खानार का म्हनून. तेवढंच."

ऋतुजा बाळाच्या पावलाला बोट लावून बघत होती. "आजी, हिचं नाव काय?"

"उद्या ठिवायचं की. तुझ्या आईचंच. नकोशी."

ऋतुजानं बोट मागं घेतलं. दुसरीत शिकणाऱ्या पोरीला मराठी पुरेसं येतं. "नकोशी म्हणजे नको असलेली?"

"व्हय," प्रयागबाई म्हणाली, आणि शेगडीवर ओव्याची चिमूट टाकली. तिनं पोरीला कधी खोटं सांगितलं नसतं.

ऊन उतरल्यावर दोघी मायलेकी पाण्याकडं गेल्या. वाऱ्यानं बारीक लाटा काठाच्या चिखलाला चाटत होत्या. दूरवर पाण्यातून देवळाचं टोक दिसत होतं. ऋतुजा बराच वेळ खडे मारत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "तू कुणाला नको होतीस?"

"सगळ्यांना. एकमतानं."

"बाबांना?"

"बाबा तेव्हा नव्हते."

"म्हणजे तो राँग नंबर नव्हता."

"नव्हता."

आणखी एक खडा. सुप्रियाला वाटलं, आता ही रडेल, किंवा आपण. तसं काही झालं नाही. पोरीनं हात फ्रॉकला पुसले आणि चौकशी पुढं चालू ठेवली. "माझं नाव कुणी ठेवलं?"

"तुझ्या आत्यानं. आत्याचा मान असतो तो. आत्या बाळाच्या कानात सांगते, मग सगळ्यांना."

"ह्या बाळाची आत्या कोण?"

"मी. थोरल्या दोन मावश्या लांब आहेत. यंदा मीच."

"मग?" ऋतुजा म्हणाली.

एवढंच. त्या 'मग'चं उत्तर शोधायला लागली तसतसं सुप्रियाच्या ध्यानात येत गेलं की उत्तर लागतच नाही. पाळण्यावर वाकायचं तिनं. तोंड तिचं, कान पोरीचा. मध्ये ना वडील, ना आई, ना देव. एवढा मोठा मान तीस वर्षांत तिला कुणी दिला नव्हता, आणि यांनी तो बोलावून दिला होता. बाटलीचं बूच उघडायला बाटलीलाच सांगावं, तसा. तिला एकदम हसू आलं. ऋतुजाही हसली; का ते तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारशाला बाया जमल्या त्या बेतानंच. तिसऱ्या मुलीच्या बारशाला कुणी दागिने काढत नाही. पाळण्याच्या दोरीला झेंडूची फुलं होती, तीही दिवाळीच्या तोरणातली उरलेली. तात्या, म्हणजे तिचे वडील मानसिंगराव, ओसरीवर पुरुषांत बसून कारखान्याच्या गाळपाचं बोलत होते. रणजित घुगऱ्यांत गूळ पुरेसा आहे का ते चाखून बघत होता, तिसऱ्यांदा. "चल गं नकू, आटप," भागूकाकी पदर खोचून मागं उभी राहिली. आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, तेव्हा बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते कुणाला माहीत नाही. पण भागूकाकीचा धपाटा पंचक्रोशीत नावाजलेला, म्हशीच्या पाठीवर तयार झालेला.

सुप्रिया वाकली. पोरीच्या कानशिलाला हळद आणि दुधाचा आंबूस वास होता. कान एवढासा, शंखातल्या किड्यासारखा गुंडाळलेला. तिनं कुर्रर्र केलं आणि धपाटे सुरू झाले, लाडाचे, हलके. तिनं नाव सांगितलं. बावीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं होतं, तरी जिभेवर ताजं आलं. पोरीनं डोळे किलकिले केले.

"नकोशी ठिवलं बरं का गं," प्रयागबाईनं मागच्या मागं जाहीर करून टाकलं.

"न्हाय," सुप्रिया वाकलेलीच राहून म्हणाली. "आत्या मी हाय. नाव मी सांगितलंय. भिमा."

धपाटे थांबले. मग भागूकाकी खालच्या आवाजात, म्हणजे ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, हे तर त्यांच्यातलं नाव."

"नदी कुणातली असती, काकी? तुझी म्हस नेली तवा इचारलं हुतंस तिला?"

"नकू, खुळ्यावानी करू नगंस," प्रयागबाईचा आवाज कापत होता. रागानं नाही, भीतीनं. "पुन्हा वाक. नीट सांग. तुझ्या भावाचं वाटोळं करती का? ह्या येळंला न्हाय सांगितलं तर फुडची बी पोरगीच हुईल."

"झाली तर तिला बी मीच नाव ठिवीन. आन् कानात गेलेलं नाव म्हागारी काढता येत न्हाय, आई, तूच शिकवलंयस. आता हिला नकोशी म्हनायचं आसंल तर खुशाल म्हना. पर ती भिमा हाय. भिमेला नको म्हनायचं, आन् तिच्याच काठाला ऱ्हायचं. पानी परसापासनं किती लांब हाय ते तुमाला जास्त ठावं."

परसाकडच्या दारातून लाटांचा आवाज येत होता, तो रोजच येत असे. पण त्या दिवशी तो सगळ्यांनी ऐकला. ओसरीवर तात्या खोकले. मानसिंगरावांचा खोकला घरात ठराव मंजूर झाल्यासारखा धरत. फक्त कुठला ठराव, हे या वेळी कुणाला कळलं नाही. पहिली हलली भागूकाकी. तिनं धपाटा घातला, लाडाचा नव्हता. "पुन्हा सांग," ती म्हणाली, "नीट." सुप्रियाचा श्वास बरगड्यांत अडकला. "भिमा," ती म्हणाली. आणखी एक. "भिमा." वेशीतली नकोशी पाठ चोळत भाकरी खायची, ते तिला आठवलं, पाठ चोळायला तिनं हात मागं नेला नाही. पाळण्याची कड दोन्ही हातांनी धरून ती वाकलेलीच राहिली. खाली, पाळण्याच्या पलीकडं, ऋतुजा तोंड उघडं टाकून बघत होती. तिसऱ्यांदा हात उचलला गेला, तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून आवाज आला. बाळंतीण उठून चौकट धरून उभी होती; कानाचं फडकं सुटून गळ्यात आलेलं.

"आना हिकडं माझ्या भिमाला," अलका म्हणाली. "कवाची भुकेजलीया. तुमचं चालू द्या."

भागूकाकीचा हात तसाच वर राहिला. मग त्या हाताचं काहीतरी करायला हवं म्हणून तिनं त्यानं पदर सारखा केला. रणजितनं घुगऱ्या वाटायला घेतल्या. सगळ्यांनी खाल्ल्या, तोंडात घुगऱ्या असल्या की बोलावं लागत नाही, बहुधा त्यासाठीच बारशाला ठेवत असावेत.

दुपारी भावाला ओवाळून तिनं पिशवी उचलली. रणजितनं ओवाळणीत साडी घातली, आणि "आक्का, आगं पोरगा न्हाय झाला तर?" एवढंच विचारलं, ती म्हणाली, "तर मग पोरी हुतील, रणजित. त्या बी जेवत्यात." प्रयागबाई बारशानंतर लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. तरी फाट्यापर्यंत मागं मागं आली, हातात घुगऱ्यांचं गाठोडं घेऊन. एसटी आली, मायलेकी चढल्या, कंडक्टरनं घंटी मारली.

"नकू," खालून आईनं हाक मारली. "अगं, हे ऱ्हायलं."

सुप्रिया समोरच्या सीटकडं बघत बसली.

"नकू! अगं ए नकोशे!"

"आई, आजी हाक मारतेय," ऋतुजा म्हणाली.

"मारू दे. आपल्याला नाही."

"तुला ऐकू येत नाही?"

"अजिबात," सुप्रिया म्हणाली. तिचे कान तापले होते, डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती. गाडी हलली. खिडकीखालून चपलांचा फटफट आवाज आला. प्रयागबाई गाडीबरोबर चालत होती, मग पळायला लागली, साठीची बाई, एका हातात निऱ्या, एका हातात गाठोडं. तिच्या तोंडाशी काहीतरी येत होतं आणि परत जात होतं. ड्रायव्हरनं गियर बदलला तेव्हा ते बाहेर पडलं.

"अहो, ओ ऋतुजाच्या आई!"

कॉलनीतली कुणी शेजारीण बोलावील तसं. पोटच्या पोरीला. सुप्रियानं मान वळवली.

"हां, बोल," ती म्हणाली, आणि खिडकीतून हात खाली केला. घुगऱ्या अजून कोमट होत्या.